ही उचल नाही

वही दोनशे पानी होती, मधून दुमडलेली. डाव्या पानावर मथळा ‘उचल’. त्याखाली तारखेनिशी रकमा: खोलीचं भाडं, मेस, मिनी ड्राफ्टर, बसचा पास, तापात दवाखान्याला दिलेले तीनशे साठ. उजव्या पानावर ‘फिटली’, आणि खाली दोनशे, दीडशे, एकदा साडेचारशे. डावीकडची बेरीज ४६,२०० रुपये. उजवीकडची ३,१५०.

तिने वही स्वतःच माझ्यापुढे सरकवली आणि विचारलं, “मॅडम, मी मधेच सोडलं तर किती भरावे लागतील? एकदम नाही जमायचं. हंगामाला थोडे थोडे फेडू.”

मार्च २०२३ मधली संध्याकाळ होती. तिच्या खोलीतल्या मुलीने मला फोन केला होता, “ती रात्रीची जेवतच नाही.” पुण्यात कॉट बेसिसवर चौघी एका खोलीत राहत होत्या. मी गेले ती तब्येतीची चौकशी करायला. गरीब मुलांना शिक्षणासाठी मदत करणाऱ्या आमच्या संस्थेतर्फे आठ महिने मी तिची मेंटॉर, म्हणजे मार्गदर्शक, होते, महिन्यातून दोनदा भेटत होते, आणि ती मेस एक वेळची करून उरलेले पैसे परतफेडीसाठी साठवते आहे हे मला त्या दिवशी कळलं. तिचे पहिल्या सत्राचे तीन विषय राहिले होते, तेही त्याच दिवशी कळलं. माझ्या फॉर्मवर ‘निकाल’ या रकान्यात तिने ‘चांगला’ लिहिलं होतं.

तिचं नाव, गाव, कॉलेज इथे लिहीत नाही. तिने वाचून हो म्हटल्यावरच हे लिखाण पुरं केलं आहे.

उचल म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात ती कधी आली नाही त्यांना सांगायला हवं. ती बीड जिल्ह्यातल्या बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातली. आई-वडील ऊसतोड कामगार. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातात, मार्च-एप्रिलमध्ये परततात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. मुकादम, म्हणजे टोळी गोळा करणारा ठेकेदार, हंगामाच्या आधीच कोयत्याला आगाऊ रक्कम देतो, ती उचल. हल्ली ती लाखाच्या घरात जाते. मग टनामागे मिळणाऱ्या मजुरीतून ती फेडायची. काम बुडालं की ‘खाडा’, त्याचे पैसे वेगळे कापतात. हंगाम संपूनही उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षाच्या डोक्यावर. २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली. उचलीची रीत मात्र तीच आहे. आधी पैसा घ्यायचा, मग अंगाने फेडायचा, आणि न फेडता निघून जायची सोय नाही.

ती ज्या घरात वाढली तिथे बाहेरून येणारा मोठा पैसा या एकाच नावाने ओळखला जातो. आमचा पैसा आला तेव्हा तिने त्याला तेच नाव दिलं. यात तिचं काहीच चुकलं नाही. चुकलं ते आमचं. पैसा देताना तो कसला आहे हे आम्ही तिला कधी सांगितलंच नव्हतं.

सहावीपासून दहावीपर्यंत ती आजीजवळ गावात राहिली. आई-वडील ऊसतोडीच्या फडावर असताना गावच्या शाळेतल्या हंगामी वसतिगृहात दोन वेळचं जेवण मिळायचं. ही योजना कागदावर फार साधी दिसते, पण तिच्यामुळे शेकडो लेकरं कोप्यांतून, म्हणजे फडावरच्या झोपड्यांतून, सुटून वर्गात बसली आहेत. दहावीला तिला ८४ टक्के पडले. आमच्या संस्थेने तिचं नाव घेतलं, एका निवृत्त गृहस्थांनी शैक्षणिक पालकत्व स्वीकारलं, म्हणजे तिच्या शिक्षणासाठी देणगी द्यायचं कबूल केलं, आणि २०२२ मध्ये सिव्हिलच्या डिप्लोमाला प्रवेश झाला. त्या गृहस्थांना आम्ही काका म्हणतो, इथेही तसंच म्हणते.

रविवारचे वर्ग

आमच्याकडे प्रायोजित मुलांना पहिल्या वर्षी बारा रविवार जीवनकौशल्यांचं प्रशिक्षण असतं. त्याचा पाया जागतिक आरोग्य संघटनेने नव्वदच्या दशकात शाळांसाठी मांडलेल्या दहा कौशल्यांचा: स्वतःची ओळख, समानुभूती, चिकित्सक विचार, सर्जनशील विचार, निर्णय घेणं, प्रश्न सोडवणं, संवाद, नातेसंबंध, ताण हाताळणं, भावना हाताळणं. यादीत खोट काढण्यासारखं काही नाही. हे वर्ग मीही घेते आणि मला ते आवडतात.

या मुलीची हजेरी बारापैकी बारा. ‘नाही म्हणायला शिका’ या सत्रात तिने नाटुकलं इतकं छान केलं की आम्ही टाळ्या वाजवल्या. ‘वेळेचं नियोजन’ या सत्रात रंगीत तक्ता केला. प्रत्येक अभिप्रायात ‘खूप छान वाटले, खूप शिकायला मिळाले’. आज ते कागद काढून बघते तेव्हा वाटतं, बारा आठवडे एकाही गोष्टीची तक्रार न करणारी सोळा वर्षांची मुलगी दिसल्यावर आम्ही तिथेच थांबायला हवं होतं. ती वर्गाला येत नव्हती, ती कामावर येत होती. तिच्या हिशोबी रविवार चुकवणं म्हणजे खाडा होता. हे तिने मला पुढे सांगितलं, अगदी सहज.

निर्णय घ्यायला शिकायचं तर एखादा निर्णय चुकला तरी फार बिघडणार नाही अशी जागा लागते. ज्या मुलीला वाटतं की एक विषय राहिला तर पैसे थांबतील, पैसे थांबले तर गाव, आणि गाव म्हणजे लग्न, तिला चुकायची जागाच उरत नाही. हे लग्नाचं मी वाढवून सांगत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण महाराष्ट्रात सुमारे २२ टक्के होतं, बीड जिल्ह्यात ते ४३ च्या पुढे. त्यात गरिबी आहे, मागे एकट्या राहणाऱ्या मुलीची काळजी आहे, आणि लग्न झालं की एक नवा कोयता तयार होतो, त्याला नवी उचल मिळते, हाही हिशोब आहे.

नमुना पत्र

एक गोष्ट मला इथे कबूल करायची आहे. दिवाळीला मुलं देणगीदारांना पत्र लिहितात. लिहायचं काय हे मुलांना सुचत नाही म्हणून २०२० मध्ये मी एक नमुना करून दिला होता. त्यातलं शेवटचं वाक्य असं: ‘आपल्या उपकारांची परतफेड मी नक्की करीन.’

लिहिताना मला ते नम्र आणि गोड वाटलं होतं. मराठीत आपण ते सर्रास लिहितो. पण उचल फेडत आलेल्या घरातल्या मुलीने ते वाक्य आपल्या हाताने, आपल्या सहीनिशी लिहिलं तेव्हा तिच्या लेखी तो करार झाला. तिच्या वहीतली पहिली नोंद दिवाळीच्या दुसऱ्या आठवड्यातली आहे.

आपल्याकडे शिकणाऱ्या गरीब मुलाच्या पाठीवर उपकाराचं ओझं ठेवायची सवय जुनीच आहे. पुण्यात वार लावून जेवणारी मुलं आठवड्याच्या सात घरांची मर्जी सांभाळत शिकली. त्याच महाराष्ट्रात १९१९ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ म्हटलं. बोर्डिंगातली मुलं काम करायची आणि आपल्या कष्टाचं खायची, म्हणून कोणाकडे खाली मान घालून बघायची गरज नव्हती. आमच्या मुलांना आम्ही काम देत नाही, पैसा देतो. म्हणजे ती मान ताठ राहावी याची जबाबदारी आमच्यावर जास्त येते, आणि मी तर तिच्या हातात परतफेडीचं वाक्य दिलं होतं.

राहिलेले विषय

अभ्यासात अडलं कुठे, तर भाषेत, आणि तेही अगदी बारीक ठिकाणी. गणितात दहावीला तिला शंभरापैकी नव्वदच्या वर गुण होते. डिप्लोमाच्या पहिल्या सत्रात सरांनी डिटरमिनंट शिकवायला घेतले. दहावीच्या बीजगणितात तिने ‘निश्चयक’ काढले होते, क्रेमरची पद्धत तिला तोंडपाठ होती. पण सरांच्या तोंडून भराभर इंग्रजी ऐकताना हे तेच आहे हे तिला ओळखूच आलं नाही. तीन आठवडे ती नवीन काहीतरी समजून घाबरत राहिली. सहगुणक, छेद, बहुपदी, सगळे ओळखीचे शब्द परक्या नावाने आले. विचारायचं कोणाला? वर्गात हात वर करायचा तर प्रश्न इंग्रजीत विचारावा लागेल असं तिला वाटत होतं. मला विचारावं तर मी संस्थेची. तिच्या शब्दांत, “तुम्ही मुकादमाच्या बाजूच्या ना.”

हे वाक्य मला फार लागलं. पण ते खरं होतं. तिच्याशी मायेने बोलणारी मीच होते आणि तिची प्रगती देणगीदाराला कळवणारीही मीच. पुढच्या हप्त्याच्या शिफारशीवर सही माझी असायची. अशा माणसाला कुठलं लेकरू आपण नापास झाल्याचं सांगेल?

वही बघितल्या त्या संध्याकाळनंतर पहिले सहा आठवडे मी तिच्याशी गुणांचं एक अक्षर बोलले नाही. शिफारशीच्या सहीचं काम माझ्याकडून काढून हिशोब बघणाऱ्या सहकाऱ्याकडे दिलं, आणि हे तिच्यासमोर केलं. संस्थेच्या विश्वस्तांकडून एक साधं मराठी पत्र लिहून घेतलं: हा पैसा परत करायचा नाही, विषय राहिले, वर्ष गेलं, शाखा बदलली, शिक्षण सोडलं, तरी कोणीही तो मागणार नाही, अभ्यासक्रमाची वर्षं आणि वर एक वर्ष इतकी मदत पक्की आहे. तिने ते पत्र दोनदा वाचलं आणि विचारलं, “वर एक वर्ष कशाला?” मी म्हटलं, “पडायला.”

मेस परत दोन वेळची झाली. साठवलेल्या ३,१५० रुपयांचं काय करायचं हे तिचं तिने ठरवलं. आजीला चष्मा केला.

गणितासाठी मी शिकवणी शोधत होते. शेवटी तिसऱ्या वर्षाला असलेली, तिच्यासारखीच मराठी माध्यमातून आलेली मुलगी मिळाली. आम्ही तिला तासाचे पैसे दिले. दोघींनी एका वहीत दोन रकाने केले, डावीकडे दहावीच्या पुस्तकातला शब्द, उजवीकडे डिप्लोमाच्या पुस्तकातला. वही पुन्हा दोन रकान्यांचीच होती, हे माझ्या नंतर लक्षात आलं. सरांकडे शंका घेऊन जायचं पहिलं वाक्य तिने मोबाइलवर रेकॉर्ड करून चार वेळा ऐकलं. सर म्हणाले, “नंतर ये.” ती परत आली आणि मला म्हणाली, जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी ती तिसऱ्या वर्षाची मुलगी सोबत गेली. सरांनी बसवून घेतलं आणि मराठीत समजावलं. त्यांनाही कोणी विचारत नाही याचं वाईट वाटत होतं.

बारा रविवारांपेक्षा जास्त काम एका अर्जाने केलं, हे मला मोकळेपणाने लिहायला हवं. सरकारी शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर भरायचा होता. ओटीपी जातो आधारला जोडलेल्या नंबरवर, आणि तिच्या आधारला नंबर वडिलांचा. वडील फडात, फोन कोपीत चार्जिंगविना पडलेला. पहिल्या वर्षी अर्ज राहिला तो याच कारणाने, आणि ती ते आपल्यालाच दोष देऊन बसली होती. आधार केंद्रात जाऊन नंबर बदलणं, बँकेत खातं आधारला जोडलं आहे का विचारणं, तहसीलच्या उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत बघणं, कॉलेजच्या खिडकीवर अर्ज अडला तर ‘कोणता कागद कमी आहे ते लिहून द्या’ असं म्हणणं, हे सगळं तिने केलं. मी फक्त शेजारी उभी राहिले. दुसऱ्या खिडकीवर ती माझ्याकडे न बघता बोलली. संवाद, निर्णय, ताण हाताळणं, यादीतली निम्मी कौशल्यं त्या एका दुपारी होती.

फडावर

एप्रिल लागायच्या आत मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळकडच्या फडावर गेले. जाण्याआधी तिला सांगितलं होतं, की तिने सांगितलेलं मी घरी बोलणार नाही, एक गोष्ट सोडून. कोणी तिचं लग्न ठरवत असेल तर मी गप्प बसणार नाही, १०९८ ला फोन करीन, आणि हे तिच्या वडिलांनाही तोंडावर सांगीन. मेंटॉरने काय पोटात ठेवायचं आणि काय नाही, हे मुलाला पहिल्याच भेटीत कळलं पाहिजे. आम्ही ते आठ महिने उशिरा सांगितलं.

वडील वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या बांधत होते. हात न थांबवता बोलत राहिले. मुकादमाने एक स्थळ आणलं होतं, टोळीतलाच मुलगा. मी कायद्याचं सांगितलं, वय अठरा पुरं हवं हे सांगितलं. ते म्हणाले, ठाऊक आहे. मग पेंढी खाली ठेवून त्यांनी विचारलं, “म्याडम, खरं सांगा. लेकरू नापास झालं तर पैसे मागायला कोन येनार? तुमी, का ते पुन्यातले सायब?”

म्हणजे पोरीने घरी सांगितलं होतं. मला सांगायच्या आधी.

मी पिशवीतून ते पत्र काढून वाचून दाखवलं. त्यांनी परत वाचायला लावलं, ‘कोणीही मागणार नाही’ तिथे बोट ठेवून. आई चुलीपाशी होती, ती तिथूनच म्हणाली, “मंग ते स्थळाचं ऱ्हाऊ द्या.” पत्र त्यांनी रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलं.

काका

सगळ्यांत अवघड बोलणं काकांशी झालं. त्यांना मी फोनवर खरं सांगितलं, तिच्या परवानगीने. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “अशा वेळी हे पैसे दुसऱ्या एखाद्या हुशार मुलाला गेले तर बरं नाही का?”

मला राग आला होता. पण रात्री त्यांना पाठवलेले आमचेच अहवाल काढून बघितले. त्यात हसरे फोटो होते, ८४ टक्के होते, टक्केवारीचे आलेख होते. वर्ष जाऊ शकतं, ही मुलं जिथून येतात तिथून इथपर्यंतचं अंतर एका सत्रात कापलं जात नाही, हे आम्ही त्यांना कधी लिहिलंच नव्हतं. आम्ही मुलीला जसं अंधारात ठेवलं तसंच त्यांनाही. पुढच्या आठवड्यात मी त्यांच्या घरी गेले आणि निश्चयकाची गोष्ट सांगितली. ते निवृत्त इंजिनिअर. त्यांनी पुस्तक मागून घेतलं, चाळलं आणि विचारलं, “ग्राफिक्सचा विषय निघाला का तिचा?” निघाला होता. पहिल्याच फटक्यात, चांगल्या गुणांनी. “मग सिव्हिल जमेल,” ते म्हणाले, आणि मदत चालू राहिली. सगळे देणगीदार असे नसतात. दुसऱ्या एका मुलाच्या बाबतीत देणगीदाराने हात काढून घेतला आणि आम्हाला संस्थेच्या सर्वसाधारण निधीतून ती वर्षं भरावी लागली. पक्का शब्द द्यायचा तर असा निधी आधीच बाजूला काढलेला असावा लागतो. आम्ही तो आता काढतो, आणि त्यामुळे दरवर्षी दोन मुलं कमी घेतो. हा निर्णय आमच्यात सगळ्यांना पटलेला नाही. मला पटलेला आहे.

नमुना पत्र बंद केलं. पत्र लिहायचं की नाही हे मुलांवर सोडलं. पहिल्या दिवाळीला निम्म्याच मुलांनी लिहिलं. पत्रं आखूड आली, त्यांत शुद्धलेखनाच्या चुका होत्या. एका मुलाने देणगीदाराला विचारलं होतं की तुम्हाला क्रिकेट आवडतं का. त्या गृहस्थांनी उत्तर पाठवलं, दोन पानांचं.

तिचं एक वर्ष गेलं. २०२३-२४ मध्ये तिने राहिलेले विषय काढले. त्या वर्षात ती एका बांधकामाच्या साइटवर संध्याकाळी दोन तास नोंदी ठेवायचं काम करत होती आणि त्याचे पैसे तिचे होते. मला ती मॅडम म्हणायची ती ताई कधी म्हणू लागली ते आठवत नाही. भांडलीही एकदा, मी न विचारता तिच्या सरांना फोन केला म्हणून. तिचं बरोबर होतं.

त्याच तुकडीतला एक मुलगा मात्र दुसऱ्या सत्रात निघून गेला. त्याची मेंटॉर नोकरी बदलून बंगळुरूला गेली होती आणि दोन महिने त्याला कोणीच नव्हतं. त्याच्या फोनवर अजूनही मी अधूनमधून मेसेज टाकते.

गेल्या हिवाळी परीक्षेचा निकाल लागला त्या दिवशी मी ऑफिसात मीटिंगमध्ये होते. निकाल साइटवर पडून दहा मिनिटंही झाली नसतील. तिचा मेसेज आला: “ताई, स्ट्रक्चर्सचा राहिला. चार मार्कांनी. उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवतेय. संध्याकाळी फोन करते, आत्ता मेसला चाललेय.”